बोटभर समास

व्याख्यान संपल्यावर सभागृहात जी शांतता पसरते, तिची मला धास्ती आहे. वक्ता पाण्याचा घोट घेतो, अध्यक्ष "कुणाला काही विचारायचं असेल तर..." असं म्हणतात आणि दीडशे माणसं एकदम आपापल्या चपला न्याहाळायला लागतात. कुणाला बस गाठायची असते, कुणाला भूक लागलेली असते, आणि ज्याला खरोखर काही विचारायचं असतं तो नेमका लाजाळू निघतो. एकानं तोंड उघडलं की मग बाकीच्यांनाही वाचा फुटते, इतकी की आवरता आवरत नाही. पण तो पहिला प्रश्न यावा लागतो. आमच्या विद्यापीठात तो गेली एकोणीस वर्षं ग्रंथालयातल्या बाइंडर ताई विचारत होत्या.

प्रश्न त्यांचा नसायचा, माझा असायचा. मी सांस्कृतिक विभागातला कारकून. शरदातले सगळे कार्यक्रम माझ्या गळ्यात. व्याख्यानं, चित्रप्रदर्शनं, नाटकाच्या तालमी, वाद्यवृंद, सगळं त्या दोन महिन्यांत, आणि खुर्च्या मात्र तेवढ्याच. सकाळी त्या चित्रांच्या दालनातून सभागृहात न्यायच्या, दुपारी सभागृहातून पटांगणात. लोक म्हणतात, काय मजा असते हो तुमच्याकडे. मजा त्यांची, पाठ माझी. तर व्याख्यानाच्या दिवशी दुपारी मी एका चिठ्ठीवर ठळक अक्षरात दोन ओळींचा प्रश्न लिहून ताईंना द्यायचो. त्या तो पाठ करायच्या, दुसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसायच्या आणि वेळ आली की मान किंचित तिरकी करून, आत्ताच मनात आल्यासारखा विचारायच्या. एकाही वक्त्याला कधी संशय आला नाही. विद्यार्थी त्यांना प्रश्नताई म्हणायचे.

"भाऊ," त्या मला म्हणायच्या, "अणूपासून पक्ष्यांपर्यंत सगळ्यांवर शंका काढून झाल्या माझ्या. माझी स्वतःची अशी एक नाही त्यात."

त्यांची स्वतःची जागा ग्रंथालयाच्या तळघरात. खिडकी छताला लागून, तिच्यातून येणाऱ्याजाणाऱ्यांचे फक्त पाय दिसायचे. मधे लांब टेबल, एका बाजूला पुस्तकं दाबून ठेवायचं यंत्र, दुसऱ्या बाजूला कागद कापायचं मोठं यंत्र. त्याचं लांब पातं ताई दर सोमवारी स्वतः पुसायच्या, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. खोलीभर खळीचा आंबूस वास. एकतीस वर्षं त्यांनी इथे फाटकी पुस्तकं उसवली, शिवली आणि पुठ्ठ्यात बसवली. त्यांना अभिमान होता तो पुस्तकाच्या कडांचा. बांधलेलं पुस्तक समोरच्याच्या हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, "बोट फिरवून बघा." बोट कुठेही अडायचं नाही. कौतुक केलं तर चहा, नाही केलं तर रिकाम्या हाती परत. मी एकोणीस वर्षं चहासाठी कौतुक केलं, आणि ते खोटं कधी करावं लागलं नाही.

येत्या वसंतात त्या निवृत्त होणार होत्या. पाच महिने उरले होते.

आणि मग या वर्षीच्या शेवटच्या व्याख्यानाचं पत्रक छापून आलं. विषय होता 'समासातले वाचक'. वक्त्या बाहेरच्या, जुन्या पुस्तकांच्या अभ्यासक. मजकुराभोवती जी कोरी जागा सोडलेली असते, त्या समासात जुन्या वाचकांनी काय काय लिहून ठेवलंय ते त्या गावोगावच्या ग्रंथालयांतून शोधत फिरतात. पत्रकावर एका जुन्या पानाचं चित्र होतं: मधे छापील मजकूर आणि चारी बाजूंनी मुंग्यांसारखी बारीक अक्षरं. मी पत्रक ताईंना नेऊन दिलं, सोबत चिठ्ठीही आगाऊच दिली, कारण त्या आठवड्यात माझ्या नाकी नऊ आले होते. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'आपल्या ग्रंथालयातही अशा नोंदी सापडतील का?' मला हा प्रश्न फार छान जमलाय असं वाटलं होतं. घरचा, नम्र, आणि कुलगुरूंनाही आवडेल असा.

दुसऱ्या दिवशी मी कार्यालयाचं कुलूप काढतोय तोच ताई मागे उभ्या.

"भाऊ, या वेळी मला वगळा."

"बरं नाही का?"

"बरंय. पण वगळा."

"अहो, कुलगुरू अध्यक्ष आहेत. त्यांच्यासमोर सगळे चिडीचूप बसले तर माझी काय शोभा राहील?"

"दुसरं कुणीतरी बघा की."

"दुसरं कोण बघू? वसतिगृहाचे अधीक्षक? त्यांना दिली होती एकदा चिठ्ठी. खिशातून काढली, चष्मा लावला आणि भर सभेत वाचून दाखवली. खाली माझी सही होती, तीही वाचली."

एरवी या गोष्टीवर त्या पोट धरून हसायच्या. आज हसल्या नाहीत. दारापर्यंत गेल्या, थांबल्या, परत टेबलापर्यंत आल्या आणि निघून गेल्या. मी कारण विचारलं नाही. मला वाद्यवृंदासाठी चाळीस खुर्च्या हव्या होत्या आणि दालनवाले सोडायला तयार नव्हते.

पुढचे तीन दिवस ताई तळघर सोडून सगळीकडे दिसत होत्या. ग्रंथालयाच्या दुसऱ्या मजल्यावर जुन्या कपाटांसमोर. प्रदर्शनात एका चित्रासमोर, पाठ चित्राकडे करून. तालमीच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. तिसऱ्या दिवशी त्यांच्या यजमानांचा मला फोन आला. ते शिंपी, बाजाराच्या रस्त्याला त्यांचं छोटं दुकान आहे, माझ्या पँटी तेच शिवतात.

"तुम्ही जरा जाऊन बघा तिच्याकडे," ते म्हणाले. "घरात नुसत्या येरझाऱ्या चालल्यात. जेवता जेवता उठते. काल एकदाची बोलली, तर मी आपल्या शिंप्याच्या अकलेनं काहीतरी बोलून बसलो. तेव्हापासून तर अबोलाच आहे."

मी खाली गेलो. कापायच्या यंत्रावर फडकं टाकलेलं होतं. टेबलावर चार जुनी पुस्तकं होती, त्यांच्याच हातची. त्यांनी मला बसाही म्हटलं नाही. एक पुस्तक माझ्याकडे सरकवलं.

"बोट फिरवा."

मी फिरवलं. "सुरेख."

"सुरेख काय डोंबल! वाट लावलीय मी यांची."

मग सगळं बाहेर पडलं. त्या नोकरीला लागल्या त्याच वर्षी इतिहासाचे जुने सर वारले आणि त्यांची चारशे पुस्तकं ग्रंथालयात आली. सरांच्या घराचं छप्पर गळकं. पुस्तकांच्या कडा भिजून तपकिरी झालेल्या, कुरतडल्यासारख्या दिसत होत्या. ताई नव्या होत्या, हात सिद्ध करायचा होता. त्यांना काम शिकवणारे मास्तर भलते कडक. पुस्तकात लिहिणारा आणि भिंतीवर लिहिणारा एकाच माळेचे मणी, असं त्यांचं मत. आणि सरांनी तर समास लिहून लिहून भरून टाकले होते, खालचे तर अगदी गच्च. ताईंनी दोन वर्षांत चारशेच्या चारशे पुस्तकं यंत्राखाली घातली आणि तिन्ही बाजूंनी बोटभर कागद छाटून टाकला. ओली कड गेली, लिहिलेलंही गेलं. मास्तरांनी पाठ थोपटली.

"मला वाटलं मी घाण काढतेय," ताई म्हणाल्या. "हीच पुस्तकं मी आल्यागेल्याला दाखवत आले हो. बघा माझा हात म्हणून."

"तुम्हाला काय माहीत तेव्हा?"

"ह्यांना सांगितलं तर म्हणाले, आम्ही कापड बेतताना शिलाईत माया ठेवतो, उद्या गिऱ्हाईक सुटलं तर उसवून वाढवता यावं म्हणून. तू काहीच ठेवलं नाहीस." त्यांनी पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं. "खरंच आहे ते. म्हणून तर राग आला."

त्यावर मी जे बोललो ते सांगायची मला आज लाज वाटते. मी विचारलं, "हे कुणाकुणाला माहितीये?"

"मास्तर गेले. तेव्हाचे ग्रंथपाल गेले. आता मी, हे आणि तुम्ही."

"मग झालं तर! पाच महिन्यांत सुटाल. उगाच चौकशी लागायची, स्पष्टीकरण मागायचे, जाता जाता नावाला बट्टा. एक अक्षर बोलू नका कुणाजवळ." आणि तिथल्या तिथे मी नवी चिठ्ठी लिहिली: 'समासात लिहिण्यासाठी जुने वाचक कोणती शाई वापरत?' शाईनं कुणाचं काय बिघडणार होतं? ताईंनी चिठ्ठी घेतली, घडी घातली, उलगडली, पुन्हा घडी घातली.

"येते," म्हणाल्या. एवढंच.

व्याख्यान दुपारी चारला होतं. बाहेर कोरडा वारा सुटला होता आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या पायाबरोबर वाळकी पानं आत येत होती. शेजारच्या खोलीत वाद्यवृंद एकाच ओळीवर अडून बसला होता. ती ओळ भिंतीतून पुन्हा पुन्हा ऐकू येत होती आणि माझं डोकं उठलं होतं. ध्वनिक्षेपक मधूनच कुरकुरत होता. ताई आल्या, आपल्या खुर्चीवर बसल्या, पाणी प्यायला उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या.

"ताई, बसा हो जरा."

"बसतेय ना!" त्या माझ्यावर खेकसल्या. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

वक्त्या बाई बुटक्या, खणखणीत आवाजाच्या आणि मिश्किल निघाल्या. पडद्यावर एकेक पान दाखवत गेल्या. एका डॉक्टरनं लेखकाशी चाळीस पानं समासातच भांडण केलं होतं. एका आईनं गणिताच्या पुस्तकात, उदाहरणांच्या शेजारी, मुलाचा ताप लिहून ठेवला होता, दर तासाचा. तेराव्या पानावर तो उतरला होता. सभागृह हसलं, हळहळलं. मीसुद्धा रंगलो, खुर्च्याबिर्च्या विसरलो. मला वाटलं, आता निभावलं.

शेवटी कुलगुरू बोलायला उठले. ते इतिहासाच्या सरांचे विद्यार्थी, त्यांचा ओरडा खाल्लेले. "आमचे सर म्हणायचे, हातात पेन नसेल तर वाचायला बसू नका," ते म्हणाले. "आज सकाळी बाईंना मोठ्या हौसेनं सरांचा संग्रह दाखवायला नेलं. पन्नासेक पुस्तकं चाळली आम्ही. एक रेघ नाही हो! समास कोरे करकरीत. म्हणजे पेन आम्हाला, आणि स्वतःची पुस्तकं शोभेला!"

सगळे खदखदून हसले. वक्त्या बाई तेवढ्या हसल्या नाहीत. "समास मला जरा अरुंद वाटले," असं काहीतरी त्या पुटपुटल्या, पण हशात ते विरून गेलं. मी दाराशी उभा होतो. मला तिथून ताईंची फक्त मान दिसत होती. ती ताठ झाली होती.

"तर मंडळी," कुलगुरू म्हणाले, "प्रश्न?"

झालं, सगळ्यांच्या नजरा चपलांकडे गेल्या आणि तिथून दुसऱ्या रांगेकडे. ताई उभ्या राहिल्या. कुणीतरी ध्वनिक्षेपक हातात दिला.

"जुने वाचक..." त्यांनी सुरुवात केली. "समासात लिहिण्यासाठी जुने वाचक कोणती..."

थांबल्या. माझा जीव टांगणीला लागला. शाई, ताई, शाई, मी मनातल्या मनात ओरडत होतो.

"नाही," ताई म्हणाल्या. "सरांनी पुस्तकं वाचली होती. सगळी वाचली होती. समास नुसते भरलेले होते, निळ्याकाळ्या शाईनं. ते मी कापले."

कुलगुरूंचं हसू तसंच अर्धवट राहिलं.

"मी खाली तळघरात बांधणी करते. कडा भिजलेल्या होत्या, म्हणून बोटभर कापल्या. लिहिलेलं दिसत होतं मला. दिसत असून कापलं. चारशे पुस्तकं." त्या कुलगुरूंकडे वळल्या. "सरांना हसू नका. ते गेलेत, त्यांना उत्तर देता येत नाही. हसायचं तर मला हसा."

आमचे ग्रंथपाल, हे नवे, चारच वर्षांपूर्वी आलेले, अर्धवट उठून "हे आपण नंतर..." असं म्हणाले आणि पुन्हा बसले. मला पळून जावंसं वाटत होतं. आणि तेवढ्यात वक्त्या बाई व्यासपीठाच्या पायऱ्या उतरून तरातरा ताईंकडे निघाल्या. ताई एक पाऊल मागे सरल्या. त्यांना वाटलं असावं, आता या चारचौघांत आपल्याला फाडून खाणार.

"ते तुकडे कुठे गेले?" बाईंनी विचारलं.

"कुठले?"

"कापलेल्या पट्ट्या. जाळल्यात? रद्दीत घातल्यात?"

"रद्दीत कशाला घालीन?" ताईंना मनापासून राग आला. "चांगला जाड कागद होता. मास्तर चिंधी वाया जाऊ द्यायचे नाहीत. पाठीला लावल्या."

"कुणाच्या पाठीला?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. ताईंनी हातांनी हवेत पुस्तक धरून दाखवलं: पानं शिवून झाली की पाठीवरच्या दोऱ्यांवर खळ लावायची, तिच्यावर कागदाच्या पट्ट्या चिकटवायच्या, वर कापड, आणि मग पुठ्ठा. "त्या चारपाच वर्षांत जे जे माझ्या हाताखालून गेलं त्यात त्या पट्ट्या आहेत. प्रबंध, मासिकं, शब्दकोश. दोनेक हजार असतील."

बाईंनी तोंडावर हात धरला. "म्हणजे आहेत," त्या म्हणाल्या.

"आहेत. पण काढायच्या तर पुस्तकं फोडावी लागतील." ताई हे अगदी सहज बोलून गेल्या, आणि मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. त्या खाली बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघं तळघरात जमलो: ताई, वक्त्या बाई, ग्रंथपाल आणि मी. बाईंनी परतीचं तिकीट पुढे ढकललं होतं. ग्रंथपालांनी चौकशीचा विषय काढला होता आणि कुलगुरूंनी तो 'नंतर बघू' म्हणून बाजूला ठेवला होता. आमच्याकडे 'नंतर' हे कधीही उगवतं, त्यामुळे माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. टेबलावर एक जाडजूड शब्दकोश होता. ताईंनी मास्तरांच्या मदतीशिवाय बांधलेलं ते पहिलं पुस्तक. तीस वर्षं विद्यार्थ्यांनी त्याला उघडलं, आपटलं, उशाला घेतलं, तरी एक दोरा सैल झालेला नव्हता. त्या पट्ट्यांतल्या सगळ्यात आधीच्या याच्यातच असणार, असं ताई म्हणाल्या.

बाईंनी पिशवीतून बारीक पात्याची सुरी काढली.

"तुम्ही राहू द्या," ताई म्हणाल्या. "माझ्या हातचं आहे, मीच फोडते."

त्यांनी आपली सुरी उचलली, खाली ठेवली, खिडकीपर्यंत जाऊन आल्या, पुन्हा उचलली. मग पुठ्ठा पाठीला जोडलेला असतो त्या बिजागरीत एकाच दमात पातं वरून खाली ओढलं. कापडाचा जो आवाज झाला त्यानं मी मान फिरवली. त्यांनी कापड सोलून काढलं आणि पाठीवर ओलं फडकं ठेवलं. खळ मऊ व्हायला वीस मिनिटं लागतात. त्या वीस मिनिटांत आमच्यातलं कुणी बसलं नाही. खिडकीतून पाय जात होते, येत होते.

ताईंनी नखानं पट्टीचं टोक सोडवलं आणि हळूहळू उचललं. खालच्या समासाची पट्टी होती. निळ्याकाळ्या शाईत एक ओळ, जरा फुटलेली, पण शाबूत. बाईंनी भिंग धरलं आणि मोठ्यानं वाचलं.

"'हे चूक आहे, पण'..."

"पण काय?" ग्रंथपाल पुढे वाकले.

"इथेच संपलं. पट्टी इथे तोडलीय."

"पाठीच्या मापानं तोडायचे मी," ताई म्हणाल्या. "उरलेला तुकडा पुढच्या पुस्तकाला जायचा."

"कुठल्या?"

"त्या महिन्यात बांधलेल्यांपैकी कुठल्याही. तीस असतील, चाळीस असतील." हात खळीनं भरलेले होते, म्हणून त्यांनी डोळे कोपरानं पुसले. टेबलावर शब्दकोश उघडावाघडा पडला होता, दोरे बाहेर आलेले. त्यांचं सगळ्यात चांगलं काम. त्यांनी तो बाजूला सारला, पुन्हा त्याच्याकडे बघितलं नाही, आणि माझ्यापुढे हात केला.

"भाऊ, पुढचं पुस्तक द्या."